तायडे सिस्टरचा मेन स्विच

आमच्या प्रयोगशाळेत एक साहेब आहेत. बियाण्यांची उगवण तपासायचं आमचं काम. साहेब आठवड्यातून दोनदा तरी सकाळी आल्याआल्या सांगतात, की काल मी चारच तास झोपलो. सांगताना चेहरा असा असतो की गळ्यात कुणी पदक घातलंय. आजूबाजूचे लोक माना डोलावतात. मी डोलावत नाही. तायडे सिस्टर इथं असत्या तर त्यांनी साहेबांची नाडी पाहिली असती, खालची पापणी ओढून डोळे पाहिले असते आणि त्यांना हाताला धरून शेजारच्या गोदामात बियाण्याच्या पोत्यांवर निजवलं असतं. साहेबांची एकही गोष्ट ऐकून घेतली नसती. याची मला पुरेपूर खात्री आहे, कारण दोन वर्षं मी त्यांच्या घरात राहिले आहे.

प्रमिला तायडे हे त्यांचं नाव. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून सारी नोकरी झाली, त्यातली अर्ध्याहून जास्त रात्रपाळीत. निवृत्त झाल्यावर अमरावतीत गाडगेनगरच्या मागच्या अंगाला बांधलेल्या घराच्या माडीवर त्यांनी मुलींचं होस्टेल काढलं. लग्न केलेलं नव्हतं. खाली त्या आणि शाळेत शिकवणारी त्यांची भाची वैशालीताई, वर आम्ही बारा जणी. सगळ्या अकरावी-बारावीच्या, सगळ्या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेमागे लागलेल्या. त्या भागात गल्लीगल्लीत क्लास होते आणि क्लासच्या आसपास अभ्यासिका. अभ्यासिकांच्या पाट्यांवर ‘चोवीस तास उघडी’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असे. सिस्टरच्या होस्टेलला नावच नव्हतं. फाटकावर नुसती एक पत्र्याची पाटी होती: ‘दहा वाजता दिवे बंद. सकाळी साडेपाचच्या आत फाटक उघडणार नाही.’

ही पाटी वाचूनच बरेच पालक परत जात. जे आत येत त्यांची मुलाखत होई. मुलीचे दहावीचे मार्क सिस्टर विचारत नसत. पहिला प्रश्न असे, “पोट्टी झोपते किती?” माझ्या आधी एक गृहस्थ मुलीला घेऊन बसले होते. त्यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं की आमची रात्रभर वाचत बसते, तिला झोप लागतच नाही. सिस्टरनी पुढ्यातला फॉर्म मिटला. म्हणाल्या, “भाऊ, मंग दवाखान्यात दाखवा तिले. होस्टेल नंतर पाहू.” ते गृहस्थ तणतणत गेले. त्यांच्या मागून आमचा नंबर. बाबा चांदूर बाजारचे, संत्र्याचा बगिचा सांभाळणारे, शहरातल्या बाईपुढे आधीच बिचकलेले. खाली मान घालून म्हणाले, “खोटं कायले बोलू, सिस्टर. हिले झोप लय येते.” सिस्टर पहिल्यांदा हसल्या. “ठेवा बॅग वर,” म्हणाल्या.

सिस्टर ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या. निवृत्तीनंतरही निळ्या काठाची पांढरी सुती साडीच नेसत. घरातसुद्धा रबरी तळाच्या चपला, त्यामुळे त्या मागे येऊन उभ्या राहिल्या तरी कळत नसे. संध्याकाळी पाचनंतर चहापत्तीचा डबा त्यांच्या कपाटात जाई. पावणेदहाला जुना पाच लिटरचा कुकर घेऊन त्या माडीवर येत आणि आम्ही बारा जणी त्यात आपापले मोबाइल टाकत असू. मग झाकण लागे. दहाच्या ठोक्याला जिन्याखालचा मेन स्विच खाली. पंख्यांची आणि कुलरची लाइन त्यांनी वेगळी काढून घेतली होती. दिव्यांची लाइन मात्र त्या एका खटक्यावर. कुणाचं गणित अर्ध्यात असो, उद्या टेस्ट असो, खटका पडायचाच. पहिल्या महिन्यात आम्ही त्यांना मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या.

कारण विचारलं तर सांगायच्या, पण एकदाच. “वार्ड दिवसभर भरलेला राह्यते. पेशंट, डॉक्टर, नातेवाईक, सारा गोंधळ. मंग वार्ड कधी धुतल्या जाते? रात्री. तवाच ट्रे लागतात, तवाच औषधं जागच्या जागी जातात. तुह्या डोक्याचंही तसंच हाये. दिवसभर जे कोंबलं ते रात्री जाग्यावर लागते. झोपलीच नाही तर सारं तसंच पडून राहीन.” तुमच्या वयाला आठ तास लागतात, नऊ झाले तरी हरकत नाही, सात चालवून घेईन आणि सहाच तास झाले तर घरी चिठ्ठी पाठवीन, असा त्यांचा हिशेब होता. रविवारी दुपारपर्यंत लोळून आठवड्याची भरपाई करणाऱ्यांवर त्यांचा तितकाच राग. रोजची वेळ एक पाहिजे, म्हणायच्या. सकाळी सहाला त्या सगळ्यांच्या पांघरुणाचं टोक ओढत जात, रविवारीसुद्धा.

मे महिन्यात अमरावतीत भिंती रात्रीसुद्धा तापलेल्या असतात. कुलर गरम हवाच फेकतात. सिस्टरनी गच्चीवर बारा खाटा टाकल्या, मच्छरदाण्या बांधल्या. आजूबाजूच्या घरांतून कुरकुर सुरू झाली, की तरण्या मुली उघड्यावर झोपतात, बरं दिसत नाही. समोरचे एक काका बोलायलाच आले. सिस्टरनी त्यांना पाणी दिलं, पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की तुम्हाला बरं दिसत नसेल तर रात्री वर पाहू नका. त्या रात्रीपासून जिन्याच्या दारात आडवी त्यांची स्वतःची खाट आली. काका पुन्हा आले नाहीत.

लग्नाचा किस्सा तर त्या भागात अजून सांगतात. मागच्या मोकळ्या प्लॉटवर मांडव पडला होता आणि डीजेच्या आवाजानं आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरत होती. दहा वाजून गेले. सिस्टर खाली जाऊन दोनदा सांगून आल्या. दुसऱ्या वेळी नवऱ्या मुलाच्या मामानं हात जोडून थट्टा केली, की आजी, तुमीपण या नाचायला. सिस्टर वर आल्या आणि म्हणाल्या, “उशा घ्या.” आम्हाला समजेना. “उशा घ्या, चादरी घ्या अन् चाला माह्या मागं.” बारा मुली झोपायच्या कपड्यांत, काखेत उशी, अशी आमची वरात मांडवात शिरली. स्टेजसमोरच्या गालिच्यावर सिस्टरनी पहिली चादर अंथरली. आम्ही लाजून अर्धमेल्या झालो होतो, पण आडव्या झालो. जेवणाऱ्या पंगती थबकल्या. नवरी स्टेजवर तोंडाला रुमाल लावून हसत होती. मामा धावत आले. सिस्टरनी त्यांना सांगितलं की तिथं झोप लागत नाही म्हणून इथं आलो, तुमचं चालू द्या. डीजे बंद झाला. एवढंच नव्हे, निघताना नवरीच्या आईनं आम्हाला डबाभर बुंदी दिली.

ऐकणाऱ्याला ही सगळी गंमत वाटेल. पण सिस्टरला ती गंमत नव्हती. ते मला कळलं मी तापानं पडले तेव्हा. टायफॉइड निघाला. बाबा न्यायला आले होते, पण एवढ्या तापात बसचा प्रवास नको म्हणून सिस्टरनी मला खाली आपल्या खोलीत ठेवून घेतलं. आठ दिवस मी त्यांच्या शेजारच्या खाटेवर होते. ग्लानीतून जाग येई तेव्हा पाही, तर सिस्टर उताण्या पडलेल्या, हात पोटावर आणि डोळे उघडे. बारा वाजता उघडे, तीनला उघडे. चौथ्या दिवशी सकाळी त्या मला पेज पाजत होत्या, तेव्हा मी विचारलं, सिस्टर, तुम्ही झोपत नाही का?

त्या चमचा ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, “माही गेली. इतली वर्षं रात्री जागून काढली, आता शरीराले खरंच वाटत नाही का रात्र झाली म्हणून. तीन तास लागते, कधी चार. तुमची कायले जाऊ देऊ?”

सिस्टरची नोकरीत एकदा चौकशी झाली होती, ती गोष्ट त्याच आठवड्यात वैशालीताईनं सांगितली. सिस्टर तेव्हा चाळिशीच्या आत होत्या. वार्डातल्या दोघी रजेवर, बदली कुणी नाही. सिस्टर सकाळची पाळी करून रात्रीची करत, रात्रीची करून पुन्हा सकाळची. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी एका पेशंटची सलाइन दुसऱ्याला लावली. पाचेक मिनिटांत त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी ती काढली, स्वतः डॉक्टरांना उठवून सांगितलं. पेशंटला काही झालं नाही. झालं ते सिस्टरला. नोटीस आली. चूक मान्य करून माफी लिहून द्या, प्रकरण मिटेल, असं वरिष्ठांनी समजुतीनं सांगितलं. सिस्टरनी चूक मान्य केली, माफीही लिहिली आणि खाली एक ओळ जोडली: त्या वेळी मी किती तास सलग जागी होते ते हजेरीपटावर आहे, तेही या कागदाला जोडावं. ती ओळ खोडा, असा आग्रह झाला. त्यांनी खोडली नाही. कागद तीनदा परत आला, तीनदा त्याच ओळीसकट गेला. शेवटी त्यांची बदली बाळापूरला झाली. सिस्टर एका पेटीनिशी बाळापूरला गेल्या आणि तिथं चार वर्षं राहिल्या.

बाळापूर म्हटलं की मला शुभांगी आठवते. ती तिथलीच, माझ्याच खोलीतली. घरची काळ्या जमिनीची मोठी शेती, वडील दिगंबरराव गावात वजन असलेले, आणि ही एकुलती एक मुलगी डॉक्टर व्हायची हे तिच्या जन्माआधी ठरल्यासारखं. शुभांगी माझ्यापेक्षा किती तरी हुशार. पण तिला सतत वाटे की आपण कुणाच्या तरी मागे पडत आहोत. दहाला खटका पडला की ती बॅटरी घेऊन बाथरूममध्ये जाई आणि उलट्या बादलीवर बसून वाचे. सिस्टरनी दोनदा पकडलं. ओरडल्या नाहीत. बॅटरी जप्त केली आणि तिच्या खाटेशेजारी खुर्ची टाकून, ती झोपेपर्यंत बसून राहिल्या. शुभांगी मला म्हणायची, ही बाई माझं वाटोळं करणार.

आमच्या बारावीच्या दिवाळीनंतर ती ज्या क्लासला जायची त्या क्लासच्या सरांनी नवी बॅच काढली. नाव ‘ब्रह्ममुहूर्त बॅच’. निवडक मुलं, पहाटे साडेचार ते सात. दिवसाचे तास नेहमीचे आणि रात्री अकरापर्यंत सराव. शुभांगीची निवड झाली. आमच्या होस्टेलच्या आणखी पाच जणींची झाली. सरांकडून सिस्टरना निरोप आला, की फाटक चारला उघडावं. सिस्टरनी निरोप घेऊन आलेल्या माणसाला पाटी वाचायला सांगितली.

मग सरांनी एका मंगल कार्यालयात पालकांची सभा घेतली. रविवारची दुपार होती, हॉल भरलेला. सिस्टरना बोलावणं नव्हतं. त्या गेल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. मी आणि वैशालीताई मागे उभ्या होतो. सर बोलायला पटाईत होते. जो झोपतो तो संपतो, असं ते म्हणाले तेव्हा टाळ्या पडल्या. सिस्टर उठल्या. माइक कुणी दिला नाही, त्यांना लागलाही नाही. त्यांनी पालकांना विचारलं, की आपल्या घरचा बैल दुपारच्या उन्हात कोण जुंपतं? कुणीच नाही ना? सावलीत बांधता, पाणी पाजता. मग पोटच्या पोरीला काहून नाही? हॉलमध्ये खसखस पिकली. सर हसत हसत म्हणाले, “सिस्टर, तुमच्या मुली झोपून मागे राहतील, एवढंच मला वाईट वाटतं.”

“मांगं राहिली तरी चालन,” सिस्टर म्हणाल्या. “जिती राहिली पाहिजे.”

तेव्हा मधल्या रांगेतून एक गृहस्थ उठले. ते सिस्टरच्याच समाजाचे, त्यांच्याच विहारात येणारे, ओळखीचे. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं. ते म्हणाले, की सिस्टर, बाकीच्यांचं सोडा, आपल्या लोकांना झोपून कसं जमेल? आपल्याला तर दुसऱ्यापेक्षा दुप्पट जागावं लागतं, तेव्हा कुठं बरोबरीला येतो. आपण जागलो म्हणूनच इथवर आलो ना?

मी सिस्टरना शब्द शोधताना पाहिलं ते तेवढंच. मग त्या त्यांच्याकडे पूर्ण वळून बोलल्या. त्यांचे वडील अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये रात्रपाळी करायचे. सकाळी घरी येऊन निजायचे. घराला एकच खोली आणि पोरं पाच. आई पाचही जणांना भर उन्हात गल्लीत भिंतीच्या सावलीला बसवून ठेवायची आणि आवाज करू द्यायची नाही, कारण बाप झोपला आहे. तरी रस्त्यानं जाणारे दार वाजवायचे, कुणी कामाला हाक मारायचं. हे सगळं त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, “भाऊ, आपल्या लोकाईले आजपर्यंत कोणं झोपू देल्लं? आज्यानं दुसऱ्याच्या वावरात रात्र रात्र राखण केली. बापानं मशीन चालवली. मी दुसऱ्याचे पेशंट सांभाळले. चार पिढ्या जागल्या. आता माह्या घरात पोट्ट्या आठ तास झोपतीन. तो त्याईचा हक्क हाये, अन् मी तो कोणाले देत नाही.”

टाळ्या पडल्या नाहीत. ते गृहस्थ खाली बसले. त्यांची मुलगी आमच्याच होस्टेलला होती; तिला त्यांनी नेलं नाही. पण निवड झालेल्या सहाही जणी पुढच्या आठवड्यात गेल्या. शुभांगीला न्यायला दिगंबरराव स्वतः जीप घेऊन आले होते. सिस्टरनी तिची गादी स्वतः गुंडाळून दिली. शुभांगी त्यांच्याकडे न पाहता गाडीत बसली. आता कुकरमध्ये सहाच मोबाइल पडायचे. माडीवरच्या तीन खोल्या रिकाम्या झाल्या, पण पाटी तशीच राहिली. वैशालीताईनं एकदा सुचवलं, की साडेपाचचे पाच करू. सिस्टरनी फडकं घेऊन पाटी पुसून काढली.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, सात-साडेसातला, शुभांगीची स्कूटी पंचवटी चौकाच्या अलीकडे दुभाजकावर चढली. समोर गाडी नव्हती, कुणी आडवं आलं नव्हतं. पहाटेच्या बॅचहून परत येताना तिला गाडीवरच झोप लागली होती. मांडीचं हाड मोडलं, हनुवटीला टाके पडले. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. तिच्या खिशातल्या डायरीत आमच्या होस्टेलचा नंबर अजून होता. फोन सिस्टरनी घेतला. मला त्या म्हणाल्या, चल.

मांडीत सळई घालायचं ऑपरेशन दुपारी झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी शुभांगीला गाढ झोप लागली. औषधाची असेल, पण सिस्टरनी तिच्या श्वासाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या की ही आता तिची स्वतःची झोप आहे. मग त्यांनी खोलीतली खुर्ची उचलली, दाराबाहेर ठेवली आणि दारात बसल्या. खोली खाजगी दवाखान्यातली. तिथं सिस्टरना काही अधिकार नव्हता. तरी तिथल्या पोरसवदा नर्सनं त्यांना हटकलं नाही. तपासणीच्या वेळेला तेवढं त्या तिला आत जाऊ देत आणि हलक्या हातानं कर, असं सांगत.

नातेवाईक आले, परत गेले. अकराच्या सुमारास क्लासचे सर आले. सोबत फुलांचा गुच्छ आणि कॅमेरावाला. सरांनी आवाज मऊ केला होता. दोन मिनिटं भेटून जातो, तिला उभारी येईल, म्हणाले.

“ते झोपली हाये,” सिस्टर म्हणाल्या.

सरांनी घड्याळ पाहिलं. त्यांना बाराला तास होता. फक्त एक फोटो, म्हणाले. सिस्टर खुर्चीवरून उठल्या नाहीत. फक्त दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावले. “सर, तिच्या झोपेत तुमी आजवर लय वेळा आले,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “आज नाही.”

सर अर्धा तास व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिले आणि गुच्छ बाकावर ठेवून गेले. दिगंबरराव हे सगळं भिंतीला टेकून पाहत होते. अपघाताच्या निरोपापासून ते डोळ्याला डोळा न लागता उभे होते. दाढी वाढलेली, धोतराला तिचं रक्त लागून सुकलेलं. सर गेल्यावर ते सिस्टरच्या खुर्चीशी फरशीवरच बसले. म्हणाले, “सिस्टर, मीच म्हटलं होतं तिले. का झोप काय, लग्नानंतरही होते.”

सिस्टरनी त्यांना धीर दिला नाही आणि दोषही दिला नाही. त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी पाहिली. बाकावरचा गुच्छ उचलून मला दिला, चादर मागवली आणि दिगंबररावांना म्हणाल्या, “भाऊ, तुमी आता इथं आडवे व्हा. मी बसून हावो.” एवढा मोठा माणूस, गावात ज्याच्यापुढे कुणी बोलत नाही, तो लहान मुलासारखा बाकावर आडवा झाला आणि दोन मिनिटांत घोरायला लागला. दुपारी दोन वाजेपर्यंत सिस्टर बापलेकींच्या मध्ये, दारात, ताठ बसून होत्या. मी डबा आणला तो त्यांनी तिथंच खाल्ला.

ही गोष्ट इथं संपवली तर सिस्टर जिंकल्या असं वाटेल. तसं काही झालं नाही. शुभांगीची मेडिकलची परीक्षा हुकली. त्या वर्षी शहरातून जी मुलगी पहिली आली ती ब्रह्ममुहूर्त बॅचचीच होती. तिचा दोन मजली फोटो आमच्या फाटकासमोरच्या इमारतीवर लागला. आम्ही सहाही जणी बेताच्या मार्कांनी पास झालो. मला मेडिकल मिळालं नाही, कृषी मिळालं आणि मी अकोल्याला आले. निघायच्या आदल्या दिवशी मी सिस्टरना धीर करून विचारलंच, की मग आपण चुकलो का? त्या गच्चीवर वाळवण उचलत होत्या. समोरच्या फोटोकडे पाहत म्हणाल्या, “ते पोट्टी हुशारच हाये. डॉक्टर होईन, चांगलं होईन. पण तिचा फोटो लावला, शुभांगीचा नाही लावला. दोन्ही लावा म्हणा, मंग मी माही पाटी काढतो.” त्या कधीमधी पुरुषासारखं, ‘काढतो’ असं बोलत.

शुभांगी पुढल्या वर्षी काठी टेकत परत आली, क्लाससाठी नाही, तर साध्या बीएस्सीला, आणि राहायला सिस्टरकडेच. वर्षभरात बीएस्सी सोडून तिनं फिजिओथेरपीला प्रवेश घेतला; आता ती परतवाड्याला फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्या दवाखान्याच्या वेळा पाटीवर लिहिल्या आहेत आणि दुपारी एक ते तीन तो बंद असतो. दिगंबररावांनी हरकत घेतली नाही.

दोन वर्षांपूर्वी सिस्टर गेल्या. मला वैशालीताईचा फोन आला. लोकांनी लगेच म्हणायला सुरुवात केली की झोपेतच गेल्या, किती चांगलं मरण. ते खरं नाही, आणि सिस्टरना खोटं खपत नसे म्हणून सांगते. त्या पूर्ण जाग्या होत्या. सकाळी नऊ वाजता वैशालीताईशी भाजीवरून वाद घालत असताना छातीत कळ आली. शेवटपर्यंत त्यांचं म्हणणं होतं की वांगी शिळी आहेत.

माझी आणि त्यांची शेवटची भेट त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली. अकोल्यातल्या एका खाजगी दवाखान्यातल्या नर्सपोरी धरण्यावर बसल्या होत्या. दोन रात्रपाळ्या केल्या की एक दिवस सुट्टी द्या, एवढीच मागणी. मी ऑटोनं चालले होते, तर निंबाच्या झाडाखाली सतरंजीवर, विशीतल्या पंधरा-वीस पोरींच्या मध्ये, निळ्या काठाची पांढरी साडी दिसली. सत्तरी ओलांडलेली बाई, अमरावतीहून सकाळच्या बसनं एकटी आलेली. कुणीतरी पेपरात वाचून दाखवलं होतं म्हणे. मी उतरून पाया पडले. त्यांनी माझी पापणी ओढून पाहिली. किती झोपते, विचारलं. सात, म्हटलं. बरं, म्हणाल्या, आणि मला सरकून जागा दिली.

दुपारी एकच्या सुमारास आतून माणूस आला. साहेब दोघींना भेटतील, म्हणाला, पण बाहेरच्या बाई चालणार नाहीत. पोरी एकमेकींकडे पाहायला लागल्या. सिस्टर माझ्या खांद्यावर हात देऊन उठल्या. गुडघे कुरकुरले, त्यांनी साडीवरची धूळ झटकली. “मी बाहेरची काहून?” एवढंच त्याला म्हणाल्या आणि दोघी पोरींना घेऊन फाटकाशी गेल्या. फाटकावरच्या चौकीदारानं वही पुढं केली. नाव, काम, येण्याची वेळ. सिस्टरनी चष्मा लावला आणि सावकाश, गोलगोल अक्षरांत लिहिलं. मी मागे उभी होते, मला दिसलं: प्रमिला तायडे, परिचारिका.

चौकीदारानं त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग वहीकडे. “आजी, इथं निवृत्त लिहा ना,” तो म्हणाला.

सिस्टर तोवर पोरींच्या पुढं होऊन आतल्या पायऱ्या चढायला लागल्या होत्या.